झालं, १७ सप्टेंबर

लॅपटॉप दाखवायला तो माझ्याकडे आलाच नव्हता. विंझरच्या कुणाची तरी पाण्याची मोटार जळली होती, ती कापूरहोळला पोचवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं, म्हणून तो आमच्या दुकानात आला. भोरचा रस्ता जिथे हायवेपासून फुटतो तिथेच आमचं दुकान आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘सर्जेराव मोटार रिवायंडिंग’ आणि त्याखाली, मी डिप्लोमा करून आल्यावर रंगवून घेतलेलं, ‘लॅपटॉप दुरुस्ती’. सर्जेराव म्हणजे माझे आण्णा. अर्ध्या दुकानात ते तांब्याची तार गुंडाळतात, उरलेल्या अर्ध्यात मी बसते. वार्निशचा वास मात्र दोघांच्या वाट्याला सारखाच येतो.

गणपती नुकतेच गेले होते. बाहेर पाऊस भुरभुरत होता, पडावं की जावं असा. आण्णांनी त्याला सांगितलं, मोटार उघडून बघतो, बसा तासभर. तो बाकावर बसला. अंगावरची घोंगडी त्याने काढली, तेव्हा त्या घोंगडीच्या आत गुंडाळलेला लॅपटॉप निघाला. स्वतः भिजला होता, लॅपटॉप कोरडा होता.

मी बघत नव्हते. म्हणजे... बघत होते. तो लॅपटॉपकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. त्याने नकाशा उघडला. डोंगर उठून दिसणारा, फिरवता येणारा नकाशा. तो फिरवला की पडद्यावर काळे त्रिकोण उमटायचे आणि आधीच्या चित्राच्या पट्ट्या तशाच मागे राहायच्या. मी न राहवून मान पुढे काढली, तर त्याने नेमकं तेव्हाच वर बघितलं.

“मोटारीगत ह्यो बी जळलाय का हो?”

“जळला असता तर वास आला असता.”

“तुमच्या दुकानात वासाचं कुनाला काय कळायचं?” तो म्हणाला आणि डोळ्यांनी हसला.

त्याचं नाव सोमेश्वर, घरचे सोमा म्हणतात. पासलीच्या वर डोंगरात त्यांचा वाडा, म्हणजे सात-आठ घरांची धनगरवस्ती. घरी म्हशी, थोड्या शेळ्या. त्याने भूगोलात बीए केलं होतं आणि पुण्याच्या एका संस्थेने त्याला हा जुना लॅपटॉप दिला होता. नकाशा त्याच्या वाड्याच्या वाटेचा होता. वाड्यावरून खाली डांबरी रस्त्याला येणारी ती एकच वाट, पण कुठल्याच सरकारी कागदावर ती नव्हती. खालची जमीन आता कुणीतरी विकत घेतली होती आणि खांब रोवायला सुरुवात केली होती. ऑक्टोबरात वेल्ह्याला तहसीलदार साहेबांची सभा होती. तिथे नकाशा दाखवून वाटेची नोंद करून घ्यायची, नाहीतर तारेचं कुंपण पडणार आणि आजाऱ्याला झोळीत घालून ओढ्यातून न्यावं लागणार. मोबाईल हातात धरून तो प्रत्येक वळण स्वतः चालला होता.

मी म्हटलं, आणा इकडे. त्यात विंडोजऐवजी लिनक्स होतं, आणि ग्राफिक्स कार्डं दोन. एक साधं, मशीनच्या पोटातलं, आणि दुसरं थोराड, गेम खेळणाऱ्यांसाठी घातलेलं. रोग माझ्या लगेच लक्षात आला. ब्राउझर एका कार्डाकडून चित्र काढून घेत होता आणि दुसऱ्याकडून दाखवत होता. त्याला समजावं म्हणून मी सांगितलं की एकीने रांगोळीचे ठिपके द्यायचे आणि दुसरीने न बघता रेषा ओढायच्या, तसं चाललंय. तो म्हणाला, मग एकीला घरी बसवा. मी म्हटलं, तेच करते. तो चहा आणायला समोर गेला.

ब्राउझरने कोणत्या कार्डावर चालायचं ते सांगणारी एक छोटी फाइल मी बनवली. त्यात कामाची ओळ एकच. आमच्या डिप्लोमाच्या सरांनी एक सवय लावली होती, काम झालं की ओळीशेजारी शेरा आणि तारीख टाकायची. मी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, झालं, १७ सप्टेंबर. नकाशा उघडला, फिरवला. डोंगर कसे धुतल्यासारखे दिसत होते. वीस मिनिटांचं काम.

तेवढ्यात तो रस्ता ओलांडून आला. दोन्ही हातांत चहाचे ग्लास, आणि माझ्या ग्लासात पाऊस पडू नये म्हणून तो त्याच्यावर वाकून चालत होता. त्याच्या स्वतःच्या ग्लासात मात्र थेंब पडत होते. आता हे लिहितानाही माझे कान तापतात, पण त्या चार पावलांत मी काय केलं ते लिहायलाच हवं. त्या ओळीच्या सुरुवातीला मी एक चिन्ह टाकलं. ते टाकलं की ओळ झोपते, मशीन ती वाचत नाही. मग मी मान वर करून म्हणाले, “किचकट आहे जरा. पुढच्या बुधवारी याल?”

“येतो की,” तो म्हणाला.

माझ्या आयुष्यात मी गिऱ्हाइकाला खोटं बोलले नव्हते. आण्णा जळकी मोटार बघून दहाजणांसमोर सांगतात, ही होणार नाही, नेऊन भंगारात घाला. त्यांची मुलगी मी. आण्णा पाठमोरे तार गुंडाळत होते आणि मला त्यांच्या पाठीचीसुद्धा लाज वाटत होती.

पण बुधवार आला आणि लाज पळाली.

पासलीहून वेल्हं, वेल्ह्याहून विंझरवरून चेलाडी, तिथून मिळेल त्या टेम्पोने कापूरहोळ. एवढं करून तो यायचा. मी दरवेळी काहीतरी थोडं नीट करून द्यायची, म्हणजे अक्षरं स्पष्ट व्हायची, मशीन पटकन उठायचं, पण नकाशा फाटकाच राहायचा. मध्ये तासभर गप्पा व्हायच्या. माझं बोलणं त्याने पकडलं होतं. म्हणायचा, तुमी गिऱ्हाइकाशी ‘नाही’ म्हणता आन् आण्णांशी ‘न्हाई’. मी विचारलं, मग तुमच्याशी काय म्हणू? तो म्हणाला, माझ्याशी ‘व्हय’ म्हणा म्हंजे झालं. आण्णांच्या हातातलं रीळ त्या वेळी खाली पडलं, का ते त्यांनाच ठाऊक.

तिसऱ्या बुधवारी तो थोडा कोमेजलेला होता. सभा जवळ येतेय म्हणाला, आणि नकाशा अजून तसाच. तसाच का राहतोय, असं त्याने साधंच विचारलं. संशय नव्हता त्यात. पण माझ्या मनात चोर होता. मी घाबरले आणि तोंडाला आलं ते बोलून गेले.

“तुम्हीच काहीतरी चुकीचं दाबत असणार.”

 आपल्या दोन्ही हातांकडे त्याने एकदा बघितलं, मग म्हणाला, “आसंल. आमच्या हाताला म्हशीच्या दाव्याची सवय.” आणि विषय संपला. मला वाटलं, सुटले.

चौथ्या बुधवारी तो खरवस घेऊन आला. म्हैस व्यायली होती. स्टीलचा डबा, झाकणावर नाव कोरलेलं, सौ. सगुणाबाई. त्याची आई. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून मी तो ठेवून घेतला आणि ठरवलं, पुढच्या बुधवारी, पंधरा तारखेला, यात चिवडा भरून देईन आणि ओळीपुढचं चिन्हही काढून टाकीन. गुरुवारी, सोळाला त्याची सभा होती. एक दिवस आधी नकाशा नीट झाला म्हणजे झालं. असा माझा हिशेब होता, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटत होता.

रविवारी त्याचा फोन आला. सभा अलीकडे आली होती, उद्याच, सोमवारी. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. “तुमी याल का?” तो म्हणाला. “नकाशा फुटका आसंना का... तुमी यवढी खटपट केलीय त्याच्यापायी.”

फोनवर मला काही कबूल करवलं नाही. सोमवारी मी पहिल्या एसटीला बसले. सभेच्या आधी दोन मिनिटं लॅपटॉप हातात मिळाला तरी पुरणार होता. विंझरच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. मी रस्त्यावर उभी होते, दोन्ही बाजूंना भात लोंबीला आलं होतं आणि मी मिनिटं मोजत होते. वेल्ह्याच्या सभागृहात पोचले तेव्हा साहेब येऊन बसले होते आणि सोमा पुढे, प्रोजेक्टरजवळ उभा होता. मी मागच्या रांगेत टेकले.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. लाल पटका, गुडघ्याला फडकं बांधलेलं. त्यांनी आपण होऊन सांगितलं, त्यो पुढं हुबा हाय न्हवं, त्यो आमचा सोमा. मी त्यांना नमस्कार केला. हैबती, सोमाचे वडील. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं आणि सांगायचं धाडस मला झालं नाही.

“चार येळा कापूरव्हळाला गेला त्यो,” ते हळूच म्हणाले. “म्हशी म्या बघितल्या, ह्यो गुडगा घिऊन. दुकानातली पोरगी लई हुशार हाय म्हनतो. तिची काय चूक न्हाई म्हनतो, माझ्याच हातानं बिघाडतंय. आता मशीन उघडायच्या आदी साबनानं हात धुतो, दोनदा. तरी बी बिघाडतंय.”

मला त्या खुर्चीत विरघळून जावंसं वाटलं. आजवर मी माझ्या खोट्याला खोडी म्हणत होते. त्या साबणाबद्दल ऐकल्यावर ते खोडी राहिलं नाही.

तेवढ्यात भिंतीवर नकाशा उमटला. सोमाने तो फिरवला आणि डोंगराचे तुकडे झाले. काळे त्रिकोण आले, पट्ट्या आल्या, वाट तीन ठिकाणी तुटली. कुणीतरी हसलं. पुढच्या रांगेतल्या एकाने विचारलं, ही वाट आहे का भेगा पडल्यात? मग बरेच हसले. साहेबांनी घड्याळ बघितलं. सोमाने हात की-बोर्डवरून उचलले आणि पाठीमागे बांधून तो उभा राहिला, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा.

मी उठले. पुढे जाईपर्यंत मला एवढंच कळत होतं की आता गप्प राहिले तर वाट जाईल आणि पुढे गेले तर मी जाईन. मी साहेबांना म्हटलं, दोन मिनिटं द्या. सोमाच्या चेहऱ्यावर मला बघून जो आनंद आला तो बघवला नाही, म्हणून मी खाली मान घालून बसले आणि फाइल उघडली.

आणि विसरले, की आता माझ्यासमोरचा पडदा आणि भिंत एकच आहे.

भिंतीवर हातभर अक्षरांत ती ओळ आली. तिच्यापुढे झोपवण्याचं चिन्ह आणि शेजारी माझा शेरा. झालं, १७ सप्टेंबर. साठ माणसं ते बघत होती आणि त्यातल्या कुणालाही त्याचं काही नव्हतं. एकालाच होतं. सतरा सप्टेंबर म्हणजे पहिला बुधवार, हे त्याला मोजायची गरज नव्हती. मी चिन्ह काढलं, ब्राउझर बंद केला, पुन्हा उघडला. नकाशा आला. डोंगर, झरा, आणि वाड्यापासून डांबरीपर्यंत अखंड वाट. सोमाने ती फिरवून दाखवली, एकेका वळणाचं नाव सांगितलं. आवाज एकदाही हलला नाही. साहेबांनी मोजणीदाराला बोलावून घेतलं आणि नोंद घ्यायला सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर तो माझ्याजवळ आला.

“आपला आभारी आहे, मॅडम,” तो म्हणाला.

शुद्ध, पुस्तकातलं मराठी. माझ्याशी तो असं कधीच बोलला नव्हता. त्याने लॅपटॉप घोंगडीत गुंडाळला, वडिलांचा हात धरला आणि तो पासलीच्या गाडीकडे गेला.

त्यानंतरचा बुधवार आला आणि गेला. दिवाळी आली, गेली. मी दोनदा मेसेज लिहिला आणि दोनदा पुसला, कारण मेसेजमध्ये ‘सॉरी’ फार लवकर टाइप होतं. डबा टेबलावर होता. सगुणाबाईंचं नाव रोज माझ्याकडे बघायचं. आण्णांना मी सगळं सांगून टाकलं. ते तार गुंडाळत राहिले. मग एवढंच म्हणाले, दुसऱ्याचा डबा घरात ठेवत न्हाईत, पोरी, देऊन ये.

डब्यात काय भरावं ते मला सुचेना. चिवडा, करंज्या, घरात सगळं होतं. पण जे काही भरलं असतं ते लाच दिल्यासारखं झालं असतं. भरायला माझ्याकडे तोंडच नव्हतं. मी डबा घासला, पुसला आणि रिकामाच घेऊन निघाले.

पासलीत भात कापून पडलं होतं. वाड्याची वाट मला कुणाला विचारावी लागली नाही, तिचं एकेक वळण मी चार बुधवार बघितलं होतं. खालच्या जमिनीवर खांब उभे होते, तार ओढलेली होती, पण वाटेपुरती जागा सोडून. मी त्या जागेतून वर चढले.

सगुणाबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं.  झाकण लावून आत गेल्या. एवढी लाज मला सभागृहातही वाटली नव्हती.

सोमा गोठ्यातून बाहेर आला. हातात दावं होतं. मी येताना खूप वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

“तुमच्या हातात काही खोट नव्हती,” मी म्हणाले. “पहिल्याच दिवशी झालं होतं. मी झोपवून ठेवलं. आणि वर तुमच्यावर ढकललं. मला... फार लाज वाटते.”

तो दाव्याला पीळ देत राहिला. “नोंद झाली नसती तर पुन्ना अर्ज केला असता म्या,” तो म्हणाला. “त्याचं न्हाई. पर पंधरा दिस म्या माझ्या हाताकडं बघत व्हतो. वाटलं, ही आपली कामं न्हवंत. मशीन उघडायचं भ्या वाटायचं.”

मी रडले नाही. रडले असते तर त्याला माझी समजूत काढावी लागली असती, आणि तेवढा हक्क मी ठेवला नव्हता.

“का केलंस?” त्याने विचारलं. पहिल्यांदाच एकेरीत.

“तुम्ही परत यावं म्हणून.”

“नुसतं ये म्हनली असतीस.”

“गिऱ्हाइकाला कसं म्हणणार?”

“म्या कुठं गिऱ्हाईक व्हतो. मोटार विंझरची व्हती.” त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “चांगलं झालं असतं तरी पुढच्या बुधवारी म्या येनार व्हतो. काय सांगून यावं त्येच सुचत नव्हतं. तू कारन दिलंस, म्या घेतलं. नकाशा फुटका राहिला की आतून बरं वाटायचं मला. वाड्याची वाट हातची चाललीय आन् ह्याला बरं वाटतंय... मला बी लाज वाटायची, स्वप्नाली.”

माझं नाव त्याच्या तोंडून मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. दोघंही थोडा वेळ म्हशीकडे बघत राहिलो. तिला आमच्यात काही रस नव्हता.

“राग गेला का?” मी विचारलं.

“न्हाई. यवढ्यात न्हाई जायाचा.”

“किती खेपा लागतील?”

“मला चार लागल्या. तुला बघू.”

तेवढ्यात सगुणाबाई बाहेर आल्या. डबा माझ्या हातात दिला तेव्हा तो जड लागला. झाकणाच्या कडेला ताज्या लोण्याचं बोट लागलं होतं. “आमच्यात बी रिकामा देत न्हाईत,” त्या म्हणाल्या, “आन् रिकामा घेत बी न्हाईत. ध्यानात ठेव.” आणि पुन्हा आत गेल्या.

सोमा खांबांपर्यंत पोचवायला आला. वाट अरुंद होती, एकामागून एक चालावं लागत होतं, म्हणून बोलणं झालं नाही. तार संपते तिथे तो थांबला.

“पुढच्या टायमाला काय भरून आनशील?” त्याने विचारलं.

“काय आवडतं?”

“चिवडा. आन् खरं बोलनं.”

“व्हय,” मी म्हणाले.

एसटीत डबा मी मांडीवर घट्ट धरून बसले होते. काम संपलं की शेजारी शेरा आणि तारीख टाकायची माझी जुनी सवय आहे. या कामाची अजून टाकलेली नाही.